कॅमेऱ्याची पारख

१८९६ सालच्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. पडद्यावर आगगाडी स्टेशनांत शिरली, कामगार कारखान्याच्या दारांतून बाहेर पडले, आणि मुंबईकर प्रेक्षकांनीं तोंडांत बोटें घातलीं. बहुतेकांचें लक्ष पडद्यावर खिळलें असेल यांत नवल नाहीं. परंतु छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या एका मराठी गृहस्थाचें मन पडद्यामागच्या यंत्राकडे धांवलें. हे गृहस्थ म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावे दादा. त्यांनीं इंग्लंडांतील रायली ब्रदर्स या पेढीकडून २१ गिनींना एक कॅमेरा मागविला, आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती त्यांत टिपली. हिंदी माणसानें घेतलेल्या अगदीं आरंभीच्या चलच्चित्रांत या कुस्तीची गणना होते.

चित्र घेतलें खरें. पण तें पाहावयाचें कसें? ती फिल्म धुण्यासाठीं डब्यांत बंद करून लंडनला पाठवावी लागली. तिकडून ती परत आल्यावरच आपण काय टिपलें याची सावे दादांना खात्री पटणार! कॅमेऱ्याच्या पारखीचा पहिला प्रश्न येथेंच उभा राहतो. यंत्र हातीं आलें म्हणजे चित्र हातीं आलें असें होत नाहीं. चित्र टिपणें ही एक क्रिया, आणि तें सिद्ध करणें ही दुसरी. आणि दुसरी क्रिया ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं चित्राचा शेवटचा निर्णय असतो. गेल्या सव्वाशें वर्षांत कॅमेरे पुष्कळ बदलले, पण हा प्रश्न बदललेला नाहीं. 'कच्चें चित्रण' करणाऱ्या लहानशा डिजिटल चित्रपट-कॅमेऱ्यांनीं तो अलीकडे पुन्हा समोर आणला आहे. त्या कॅमेऱ्यांचें मोल ठरवावयाचें, तर मराठी माणसांनीं पूर्वीं हा प्रश्न कसा सोडविला हें आधीं पाहणें इष्ट होईल.

धुंडिराज गोविंद फाळके यांनीं त्याचें मर्म बरोबर ओळखलें होतें. १९१२ च्या फेब्रुवारींत ते विलायतेस गेले. लंडनमध्यें 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांचें साहाय्य त्यांना लाभलें, सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन येथील स्टुडिओ त्यांनीं पाहिला, आणि मग विल्यमसन बनावटीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला. परंतु केवळ कॅमेरा घेऊन ते परतले नाहींत. फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र आणि कोडॅकची कोरी फिल्म यांचीही त्यांनीं तजवीज केली. ही फिल्म भोकांशिवाय येई. अंधाऱ्या खोलींत चांचपडत तिला भोकें पाडावीं लागत, मग ती कॅमेऱ्यांत भरावी लागे, आणि चित्र घेतल्यावर पुन्हा अंधारांतच धुवावी लागे. घरचा रगाडा सांभाळून सरस्वतीबाई फाळके हें काम शिकल्या. सावे दादांची फिल्म ज्या कामासाठीं सातासमुद्रांपलीकडे गेली, तेंच काम आतां मुंबईंतील एका बिऱ्हाडांत होऊं लागलें.

फाळक्यांनीं आपल्या यंत्राची जी परीक्षा घेतली, तीही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. भांडवल हवें होतें, आणि भांडवल देणाऱ्याला कांहीं तरी करून दाखविणें प्राप्त होतें. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एक एक चित्र घेतलें. तें पडद्यावर सलग दाखविलें तेव्हां कोंभ फुटून रोप वाढतांना पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष दिसलें. या परीक्षेंत यंत्राइतकीच यंत्र वापरणाराच्या चिकाटीची कसोटी होती. पुढें १९१३ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत झळकला, हें सर्वश्रुतच आहे.

कोल्हापुरास बाबूराव पेंटर व आनंदराव पेंटर यांनीं याच्याही पलीकडे मजल मारली. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून तो घरींच घडविण्याचा त्यांनीं ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. परंतु बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० सालीं पडद्यावर आला. एकानें कॅमेरा मागविला, दुसऱ्यानें कॅमेऱ्याबरोबर अंधारी खोली उभी केली, तिसऱ्यानें कॅमेराच घडविला. परावलंबनाची एकेक कडी अशी तुटत गेली.

या सर्व खटाटोपाच्या मध्यभागीं जी वस्तु होती ती निगेटिव्ह. पडद्यावर दिसतें तें चित्र म्हणजे निगेटिव्हवरून छापलेली प्रत. निगेटिव्हमध्यें छायाप्रकाशाच्या जितक्या छटा असतात तितक्या प्रतींत उतरत नाहींत. छापतांना प्रकाश कमीअधिक करून चेहरा उजळावा कीं पार्श्वभूमि, हें ठरवितां येतें. आणि आजची प्रत मनासारखी उतरली नाहीं तर उद्यां दुसरी छापतां येते. निगेटिव्ह म्हणजे टिपलेलें, पण अद्याप न ठरविलेलें चित्र. म्हणूनच चित्रपट-संस्था तिजोरींतील रोकडीप्रमाणें निगेटिव्ह जपीत.

पुढें व्हिडिओची फीत आली, तिच्यामागून स्वस्त डिजिटल कॅमेरे आले, आणि चलच्चित्रण घरोघर पोहोंचलें. लग्नें, बारशीं, गणपतीच्या मिरवणुका यांचीं चित्रें कोणीही घेऊं लागला. परंतु या सोयीच्या पोटांत एक उणीव होती. रंग कोणता, उजेड किती, सावली किती गडद, हें सर्व कॅमेराच आंतल्या आंत ठरवी आणि उरलेला तपशील टाकून देई. घेणाऱ्याच्या हातीं येई ती तयार प्रत. निगेटिव्ह त्याला मिळतच नसे. पिवळ्या दिव्याखालीं घेतलेला चेहरा पिवळा पडला, तर तो मागाहून पुरता सुधारण्याजोगा ऐवज त्या चित्रांत शिल्लक नसे.

कच्चें चित्रण म्हणजे काय, हें समजण्यासाठीं कॅमेऱ्याच्या पोटांत क्षणभर डोकावलें पाहिजे. भिंगामागें फिल्मच्या जागीं एक संवेदक असतो. त्याच्यावर लक्षावधि सूक्ष्म प्रकाशकण-मापकांची जाळी असते, आणि प्रत्येक मापक आपल्यावर पडलेला उजेड तेवढा मोजतो. रंग त्याला कळत नाहीं. म्हणून प्रत्येकावर तांबडी, हिरवी किंवा निळी कांच बसवितात. कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांच्या नांवानें १९७६ सालीं पेटंट झालेल्या रचनेंत निम्मे मापक हिरवे, पाव तांबडे आणि पाव निळे असतात, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्यांतील तपशील अधिक जाणवतो. या मापांवरून शेजारपाजारच्या कांचांचा मेळ घालून पुढें रंगीत चित्र तयार करावें लागतें. साधा कॅमेरा हें काम स्वतः करून मोकळा होतो. कच्चें चित्रण करणारा कॅमेरा मूळ मापें नोंदवितो आणि रंगाचा निर्णय मागाहून बसणाऱ्या माणसावर सोपवितो. साध्या नोंदींत प्रत्येक रंगाच्या उजेडाला बहुधा २५६ पायऱ्या मिळतात. बारा बिटांच्या कच्च्या नोंदींत त्या ४,०९६ होतात. निगेटिव्हचा गुण तो हाच.

आरंभीं हा गुण महाग होता. २००७ सालीं आलेल्या रेड वन या कॅमेऱ्यानें कच्चें चित्रण चित्रपट-व्यवसायांत रूढ केलें. पण त्याच्या नुसत्या धडाची किंमत १७,५०० डॉलर होती. २०१३ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीनें 'पॉकेट सिनेमा कॅमेरा' जाहीर केला. त्याची किंमत ९९५ डॉलर, भिंगावांचून वजन सुमारें ३५५ ग्रॅम, आणि संवेदक सुपर १६ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा. १,९२० बाय १,०८० मापकांचें कच्चें चित्र तो मेमरी कार्डावर नोंदवी. उजेडाच्या तेरा दुपटी त्यांत सामावतात, असा निर्मात्यांचा दावा होता. म्हणजे अत्यंत गडद छटेहून अत्यंत उजळ छटा आठ हजार पटींहून अधिक. २०१८ सालीं त्याचा मोठा भाऊ आला, त्याची चौकट ४,०९६ बाय २,१६० मापकांची होती. निगेटिव्ह पुन्हा एकदां एकट्यादुकट्या माणसाच्या हातीं आली ती अशी.

अशा यंत्राची परीक्षा दिवाणखान्यांत घेऊन भागत नाहीं. ती कठीण जागीं घ्यावी, आणि जुन्नर तालुक्यांतील वारूळवाडी ही त्यासाठीं उत्तम जागा आहे. पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांवाला लागून हें गांव वसलें आहे, आणि नारायणगांव म्हणजे तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम जवळ आला कीं येथें फडमालकांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पंच येऊन आपल्या जत्रेसाठीं सुपारी ठरवितात. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांनीं या गांवाचें नांव महाराष्ट्रभर गाजविलें. १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. २००२ सालीं त्या निवर्तल्या. गण, गौळण, बतावणी आणि वग असा रात्रभर रंगणारा हा खेळ पुष्कळसा हजरजबाबीपणावर चालतो. सोंगाड्याची कोटी एका रात्रीं जशी पडते तशी दुसऱ्या रात्रीं पडत नाहीं, आणि ती कोणत्याही पोथींत लिहिलेली नसते. कलावंत गेला कीं त्याच्याबरोबर ती रात्रही गेली. म्हणून येथें कॅमेऱ्याचा प्रश्न हौसेचा राहत नाहीं.

वारूळवाडीच्या मोकळ्या रानांत कनात उभी राहिली आहे, अशी कल्पना करावी. रंगमंचावर प्रखर विजेचे दिवे. नाचणारीच्या कपाळावर आणि दागिन्यांवर त्यांची झळाळी. मागें ढोलकीवाला निम्मा अंधारांत. आणि पुढें फेट्यांची नि टोप्यांची काळी गर्दी. साधा कॅमेरा येथें हटकून फसतो. चेहरा नीट घ्यावा तर ढोलकीवाला काळोखांत बुडतो. ढोलकीवाला दाखवावा तर चेहरा पांढराफटक पडतो. त्यांतून दिव्यांचे रंग क्षणोक्षणीं बदलतात. कच्च्या चित्रणांत हा पेंच पुष्कळसा सुटतो. चेहऱ्याची झळाळी जळणार नाहीं एवढ्या बेतानें चित्र घेतलें, तर ढोलकीवाल्याचीं बोटें सावलींतून मागाहून वर काढतां येतात, आणि दिव्याचा रंग उतरवून कांतीचा मूळ रंग शोधतां येतो.

परंतु यंत्राची स्तुति येथेंच आवरली पाहिजे. जो उजेड मापकाच्या कुवतीबाहेर गेला, तो कच्च्या नोंदींतही परत येत नाहीं. पांढरें जळलें तें जळलेंच. भिंग नीट रोखलें नसेल तर कोणतीही किमया चित्र स्पष्ट करीत नाहीं. पहिल्या पॉकेट कॅमेऱ्याचे स्वतःचेही दोष होते. बॅटरी तासाभरांत संपे, त्यामुळें एका रात्रीला खिसाभर बॅटऱ्या बाळगाव्या लागत. अतिसूक्ष्म विणीचा भास मोडणारी कांच त्यांत नव्हती, म्हणून नऊवारीच्या बारीक काठावर नसलेले रंगीत तरंग उमटत. संवेदकाच्या ओळी एकामागून एक वाचल्या जात. नर्तकीनें झटक्यानें गिरकी घेतली, किंवा कॅमेरा जोरानें फिरविला, तर उभी रेघ तिरपी होई. आवाजाची नोंद सामान्य. ढोलकी आणि हलगी यांच्यासाठीं निराळें ध्वनियंत्र लागेच. जो हे दोष जाणून घेईल त्याला हें यंत्र साथ देई. जो जाहिरात वाचून घेईल त्याला पस्तावण्याची पाळी येई.

याहून मोठा हिशोब साठवणीचा आहे. १,९२० बाय १,०८० म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार मापें. प्रत्येक माप बारा बिटांचें, म्हणजे दीड बाइटचें, धरलें तर एक चौकट सुमारें तीन मेगाबाइट होते. सेकंदाला अशा चोवीस चौकटी, म्हणजे सुमारें ७५ मेगाबाइट. मिनिटाला साडेचार गिगाबाइट. तासाला २७० गिगाबाइट. नोंद आवळून हा आंकडा कांहींसा उतरतो; पण मूळ हिशोबानें ६४ गिगाबाइटचें कार्ड चौदा मिनिटांत भरतें. गंमत अशी, कीं बोलपटाच्या काळांतील ३५ मिलिमीटरचें हजार फुटी रीळ सुमारें अकरा मिनिटें चाले. शंभर वर्षांची प्रगति होऊनही कच्चें चित्र घेणारा माणूस पुन्हा दर दहा-पंधरा मिनिटांनीं रीळ बदलावयास बसला! तमाशाची सहा तासांची रात्र या हिशोबानें सोळाशें गिगाबाइटांवर जाते. मोठ्या भावाची चौकट घेतली तर त्याच्या चौपटीहून अधिक. फिल्मची बचत झाली म्हणून हर्ष मानावा, तों खर्च हार्ड डिस्कच्या रूपानें मागल्या दारानें आंत येतो.

या बाबतींत वारूळवाडीच्या शेजारचाच एक दाखला उद्बोधक आहे. नारायणगांवाहून कांहीं मैलांवर खोडद येथें प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून साकारलेल्या या दुर्बिणींत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागीं एकवटलेल्या आणि सोळा तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी या तबकड्या अहोरात्र झेलतात. पण तेथील शास्त्रज्ञ मूळ लहरींची अखंड नोंद नेहमीं ठेवीत नाहींत. ती इतकी अवाढव्य होईल कीं ठेवावयास जागा पुरणार नाहीं. तबकड्यांच्या लहरींचा परस्परांशीं मेळ घालून, त्यांची सरासरी काढून, मग तें सार साठवितात. मूळ लहरी विशेष प्रयोजन असेल तेव्हांच. संशोधक त्या साठ्यावर महिनेन् महिने काम करून आकाशाचें चित्र तयार करतो. कच्चें किती ठेवावें आणि कोठें आवळावें, याचा विवेक जेथें विज्ञानालाही सुटला नाहीं, तेथें तो कलेच्या नोंदीला कसा सुटावा?

आणि साठविलें म्हणजे टिकलें असेंही नाहीं. 'राजा हरिश्चंद्र' मुळांत सुमारें ३,७०० फुटांचा होता. आज त्याचा कांहीं भागच पाहावयास मिळतो. बाबूरावांनीं घरीं घडविलेल्या कॅमेऱ्याचें वैभव ज्यांत दिसलें असतें तो 'सैरंध्री', आणि १९२५ चा 'सावकारी पाश', हे दोन्ही मूकपट आज उपलब्ध नाहींत. भारतीय मूकपटांपैकीं बहुतेकांची हीच गत झाली. ते टिपण्यांत यंत्र कमी पडलें नव्हतें. मागाहून जपणारा हात कमी पडला. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या फिल्म मिळविल्या, तेव्हां उरलेंसुरलें हातीं आलें. तेथेंही २००३ सालच्या आगींत नायट्रेटवरील जुन्या फिल्म जळाल्या. नायट्रेटची फिल्म निदान भडकून जळते, आणि आग लागल्याचें कळतें तरी. हार्ड डिस्क कपाटांत मूकपणें मरते. दहा वर्षांनीं ती उघडावयास जावें तेव्हां कळतें कीं आंत कांहीं उरलेलें नाहीं. शिवाय नोंदीची भाषाही बदलते. पहिला पॉकेट कॅमेरा ज्या खुल्या पद्धतीनें कच्चें चित्र लिही, ती त्याच्या मोठ्या भावांत २०१९ सालीं मागें पडून कंपनीची स्वतःची पद्धति आली. आजची कच्ची नोंद पन्नास वर्षांनीं वाचणारें साधन असेल कीं नाहीं, याची हमी कोणीही विक्रेता देत नाहीं.

मग या लहान कॅमेऱ्याविषयीं निवाडा काय द्यावा? यंत्र म्हणून तो खचित मोलाचा ठरला. एके काळीं कर्ज काढून, विलायतेची वारी करून जी शक्ति फाळक्यांना मिळवावी लागली, तिचा मोठा अंश त्यानें एका सामान्य छायाचित्रकाराच्या आटोक्यांत आणला. पण ज्याच्यापाशीं चित्र धुण्याची अंधारी खोली नाहीं, म्हणजे आजच्या भाषेंत सक्षम संगणक, रंगाची जाण आणि स्वस्थ वेळ नाहीं, त्याच्या हातीं कच्चें चित्रण म्हणजे सावे दादांची न धुतलेली फिल्मच होय. आणि ती पाठवावयास आतां लंडनही नाहीं. अशा माणसानें आवळलेली साधी नोंद घ्यावी; तींत कमीपणा नाहीं. ज्याच्यापाशीं हीं साधनें आहेत, त्यानेंही सबंध रात्र कच्ची टिपण्याचा हव्यास धरूं नये. गौळण, मुख्य नृत्य, वृद्ध कलावंताची एखादी अवघड बतावणी, अशा निवडक भागांसाठीं कच्ची नोंद राखावी, आणि वगाची सलग नोंद आवळून घ्यावी. प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती दोन निराळ्या गांवीं ठेवाव्या, दरवर्षीं उघडून पाहाव्या, आणि कांहीं वर्षांनीं नव्या साधनावर उतरवाव्या. कॅमेऱ्याच्या किमतींत हा खर्च प्रथमपासून धरला, तरच किंमत खरी कळते.

आणखी एक गोष्ट या हिशोबांत सहसा धरली जात नाहीं. निगेटिव्ह ज्याच्या हातीं, निर्णय त्याच्या हातीं, हें जर खरें, तर तमाशाच्या कच्च्या नोंदीवर फडाचाही अधिकार आहे. चेहरा किती उजळावा, कोणता प्रसंग ठेवावा, काय जगासमोर जाऊं द्यावें, हें एकट्या कॅमेरावाल्यानें शहरांत बसून ठरविणें न्यायाचें नाहीं. म्हणून नोंद करण्यापूर्वीं कलावंतांची संमति घ्यावी, मोबदल्याची बोली स्पष्ट करावी, आणि दोन प्रतींपैकीं एक फडाच्या स्वाधीन करावी. सरस्वतीबाईंनीं अंधारांत पाडलेल्या भोकांवांचून फाळक्यांच्या कॅमेऱ्यांतून एक फूटही फिल्म पुढें सरकली नसती. नारायणगांव-वारूळवाडीच्या परिसरांतील खेळाची नोंदही तशीच अनेकांच्या हातांनीं सिद्ध होईल, आणि तितक्याच हातांनीं जपली गेली तर पुढच्या पिढीच्या डोळ्यांना दिसेल.